अर्धंच उतरवलेलं उत्तर

बाई,

सोमवारी टपालानं आमच्याकडे आलं ते असं. तुमच्या कॉलेजची निमंत्रणपत्रिका एक, जाड गुळगुळीत कागदाची, वर तुमचा फोटो, चष्म्याची एक काडी जरा उचललेली तशीच. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्यांचे पास. आणि एक पत्र, की यंदा तुमच्या नावाच्या व्याख्यानमालेत एम.ए.च्या मुलांनाही थोडा वेळ दिला आहे, त्यात आमच्या नातीचा निबंध आहे, तरी कुटुंबीयांनी अगत्य यावं. खर्च म्हणाल तर पत्रिकेला काही नाही. पोस्टमन उन्हातून आला म्हणून त्याला सरबत, एक लिंबू आणि दोन चमचे साखर. यांचा कोट इस्त्रीला टाकला त्याचे तीस रुपये. रिक्षा होईल ती शनिवारी लिहीन. रोजचा हिशेब लिहायचा हात, त्यामुळे पत्रसुद्धा असंच सुरू झालं. तुम्ही असता तर हसला असता. "तुमचं बोलणं म्हणजे वाण्याची यादी," असं तुम्हीच एकदा म्हणाला होता, "पण मधेच एक ओळ अशी येते की माझ्या हातातलं काम थांबतं." ती ओळ तुम्ही घेऊन गेलात, बाई, आणि ती अजून फिरते आहे. परवा शनिवारी ती माझी नात वाचणार आहे, भरल्या हॉलमध्ये, आणि पुढच्या रांगेत हे बसणार आहेत. ती ओळ कुणाची, हे या घरात मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात ते नाताळाच्या आधीचे दिवस. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, की कॉलेजातल्या बाई घरोघर जाऊन बायकांच्या कामाची पाहणी करणार आहेत, मंडळीनं सहकार्य करावं. आमच्या सासूबाईंना वाटलं पाहणी म्हणजे स्वच्छतेची. त्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडून सगळे डबे चिंच लावून घासून घेतले. तुम्ही आलात आणि डब्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाई दिवसभर धुसफुसत होत्या, "कसली मेली पाहणी, वर मान करून बघितलं नाही." आमचं घर सांगलीत, सासऱ्यांनी बांधलेलं, चार खोल्या एकापाठोपाठ एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढच्या दारानं आलेला माणूस मागच्या दारापर्यंत सगळ्यांच्या अंगावरून जातो. तेव्हा घरात सासूसासरे, दोन दीर, एक नणंद, हे, मी आणि माझ्या मांडीवर मुलगा. तुम्ही थेट स्वैपाकघरात आलात, पाट ओढून बसलात, माझ्या पुढ्यातली पावट्याची शेंग उचललीत आणि सोलायला लागलात. वही नाही, पेन नाही. मी विचारलं, "बाई, लिहून नाही घेणार?" तर म्हणालात, "पेन दिसलं की बायका गप्प होतात. नाहीतर खरं सोडून चांगलं बोलायला लागतात." आमच्याकडून उठलात की तुम्ही पुढं कुंडलला नाहीतर आटपाडीला जायचात, तिथल्या बायकांकडे. तेव्हा एसटी स्टँडवर गाडी लागेपर्यंत बाकावर बसून आठवेल ते सगळं भराभर उतरवायचात. आमच्या धाकट्या दिरानं बघितलं होतं. "वहिनी, तुमच्या त्या बाई स्टँडवर परीक्षेला बसल्यासारख्या लिहीत होत्या. शेंगदाणेवाला कानाशी ओरडून गेला, मान वर नाही. मी नमस्कार केला तर मलाच म्हणाल्या, थांबा हं, विसरेन."

तुम्ही मला रागावलात तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. दुपारची वेळ आहे, पुढच्या खोलीत सासरे खुर्चीत पेंगतायत, मी तुमच्यापुढं पावटे सोलते आहे. तुम्ही विचारता, उठता कधी? मी म्हणते, आमच्याकडे पाचला उठतात. जेवता कधी? आमच्याकडे पुरुषांची झाली की बायकांची पानं. आवडतं काय तुम्हाला? आमच्याकडे सगळ्यांना आमटी लागते. तुम्ही हातातली शेंग खाली टाकता. "आमच्याकडे, आमच्याकडे! घराचं मी तुमच्या सासऱ्यांना विचारीन, ते रिकामेच बसलेत. मी तुम्हाला विचारते आहे. या घरात तुमची स्वतःची अशी जागा कोणती?" माझे कान तापले. शाळेत फळ्यावर गणित चुकलं की तापायचे तसे. मॅट्रिक झाल्यावर मला असं कुणी फळ्यापाशी उभं केलं नव्हतं. आणि बोलायचं ठरवलं नसताना तोंडातून गेलं, "दारामागची."

मग सांगावंच लागलं. स्वैपाकघराचं दार आत उघडतं. ते भिंतीला टेकत नाही, कारण कोपऱ्यात पिठाचा मोठा डबा असतो. दार डब्याला टेकलं की मागं तिकोनी जागा राहते, एक पाट मावेल एवढी. दुपारी सगळे आडवे झाले की मी तिथं जाऊन बसते. दार उघडं दिसतं, स्वैपाकघर रिकामं दिसतं, म्हणजे मी मागं अंगणात असणार असं सगळे धरून चालतात. "काय करता तिथं?" "काही नाही." "रडता?" "नाही हो, रडायला काय झालंय." "प्रार्थना करता?" आता मी ख्रिस्ती घरातली, पहाटे उठून शास्त्र वाचणारी. हो म्हणाले असते तर शोभलंही असतं. प्रार्थना दार लावून करावी असं पाळकसाहेब उपदेशात सांगायचे. मी दार उघडून त्याच्या मागं बसत होते. पण खोटं कसं बोलायचं? म्हणाले, "तीही नाही. तिथं मी कुणाचीच काही नसते." तुम्ही टाकलेली शेंग परत उचललीत. मग विचारलंत, घरात कुणी त्रास देतं का. आणि मी म्हणाले, आठवतंय ना बाई तुम्हाला, मी म्हणाले, "कुणी मारत नाही, कुणी टाकून बोलत नाही. हे तर इतके चांगले आहेत, मला ताप आला तर स्वतःच्या आईच्या देखत चूल पेटवतात. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही. वाईट असते तर माहेरी तरी निघून गेले असते." शेंगा संपल्या होत्या. तुम्ही टरफलं गोळा करून सुपात टाकलीत, घड्याळ बघितलंत, आणि आटपाडीची गाडी आहे म्हणून उठलात.

पुढं तुम्ही कॉलेजात जाहीर व्याख्यान दिलंत. मी येऊ शकले नाही, नणंदेला बघायला पाहुणे होते. रविवारी उपासनेनंतर देवळाच्या पायरीवर बायकांत चर्चा, साताऱ्याची कुणी बाई आहे म्हणे, दारामागं बसते म्हणे, बाईंनी सांगितलं तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी मनात म्हटलं, बरं झालं, गाव बदललं. सातारा माझं माहेर, हे तुम्हाला ठाऊक होतं की सहज सुचलं कोण जाणे. मला लपवायला तुम्ही मला माहेरी धाडलंत एवढं खरं. मग ते व्याख्यान कॉलेजच्या अंकात छापून आलं, नणंदेनं आणलं, आणि मी चुलीपुढं बसून वाचलं. दार होतं, पिठाचा डबा होता, पाट होता. "तिथं मी कुणाचीच काही नसते" हे होतं. आणि तिथं पूर्णविराम. पुढची ओळ कुंडलच्या कुणा बाईची, विहिरीवरची. मी पान उलटून बघितलं, परत मागं आले. हे चांगले आहेत, हे कुठंच नव्हतं. म्हणून तर सांगता येत नाही, तेही नव्हतं. मला तेव्हा वाटलं, स्टँडवर तुम्ही एवढ्यापर्यंत आलात आणि आटपाडीची गाडी लागली असेल. कंडक्टरनं घंटी मारली असेल. तुम्ही वही पिशवीत घातली असेल. आटपाडीची गाडी चुकली की दिवस गेला.

विचारायला हवं होतं. तुम्ही शेवटच्या दुखण्यात मिरजेला दवाखान्यात होता तेव्हा मी तांदळाची पेज घेऊन आले होते. तुमच्या उशाशी तुमचे विद्यार्थी, कुणी प्राध्यापक झालेले, कुणी कुठं. त्यांच्यापुढं काय विचारणार, की बाई, माझं अर्धं वाक्य कुठं गेलं? तुम्ही पेजेचे दोन घोट घेतलेत आणि म्हणालात, "मीठ बरोबर आहे." तेच तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तुमच्या माघारी व्याख्यानमाला सुरू झाली. कॉलेज मिशनचं आणि हे मंडळीचे पंच, त्यामुळे दर वर्षी दोघांना बोलावणं. एका वर्षी पुण्याहून पाहुणे आले होते, मोठे विद्वान, गळ्यात खादीचा पंचा. प्रार्थना झाली, मुलींचं गीत झालं, माइक दोनदा शीळ घालून गप्प बसला, आणि ते बोलायला उभे राहिले. तासभर ते माझ्यावरच बोलले, बाई. सातारची ती स्त्री, दारामागं हुंदके देणारी. घर नावाच्या तुरुंगातली. ज्या पुरुषानं तिला दिवसाढवळ्या आपल्याच स्वैपाकघरात लपायला लावलं, त्याचं नावही आपल्याला माहीत नाही, असं म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला. टाळ्या पडल्या. मी शेजारी बघितलं तर यांनी टाळी वाजवली नव्हती. मांडीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी कधी हुंदके दिले? आणि तो माणूस, तो हा, माझ्या शेजारी बसलाय, मला पंख्याचा वारा लागेल म्हणून यानं खुर्ची बदलून घेतली आहे. पण असं सांगायचं म्हणजे आधी, ती मी, असं म्हणावं लागतं. मग पदर ओढून बसून राहिले. परतीच्या रिक्षात हे बाहेर बघत बसले होते. राममंदिराच्या चौकात म्हणाले, "कसला माणूस असेल गं तो?" मी म्हटलं, "कोण?" "तोच, साताऱ्याचा. बायकोला दारामागं बसावं लागतं म्हणजे काय?" मी म्हटलं, "असेल कसा तरी." मग घराच्या वळणावर हळूच म्हणाले, "तुला माझ्याकडे काही कमी नाही ना?" "नाही हो," मी म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी रिक्षावाल्याला सुटे पैसे मोजून दिले, आणि आम्ही घरात गेलो, आणि मी आमटीला फोडणी दिली.

आता नातीचं. मुलगा-सून नोकरीला पुण्यात, ही शिकायला आमच्याकडे, तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच विभागात. पहिल्या वर्षी एक दिवस जेवताना तुमचं ते व्याख्यान हातात घेऊन आली. "आजी, ऐक, काय बाई आहे ही! एक वाक्य बोलली आणि इतकी वर्षं लोक त्याच्यावर बोलतायत." तिनं वाचून दाखवलं. हे भाकरी मोडत होते, मोडायचे थांबले, मग म्हणाले, "जेवताना पुस्तक नको." पुढं तिच्या सरांनी तिला विषयच तो दिला, ती बाई आता कुठं आहे, तिचं पुढं काय झालं, शोध म्हणून. आणि शोध कुठं, तर साताऱ्यात! मला म्हणाली, "आजी, तुझं माहेर तिथलं, तुला कुणी आठवतं का अशी?" मी म्हटलं, "सातारा काय एवढंसं आहे का?" गेली बिचारी एसटीनं. दोन दिवस मैत्रिणीकडे राहून गल्ल्या पालथ्या घातल्या. या सोमवारी संध्याकाळी परत आली ती पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन पाय पसरून खाली बसली आणि हसत सुटली.

"आजी, एक नाही, तीन सापडल्या! मी विचारलं, दारामागं बसणाऱ्या कुणी बाई माहीत आहेत का, तर एक आजी म्हणते," आणि नात तिची नक्कल करायला लागली, "'दारामागं व्हय? आगं, मी बी बसती की. माज्या सुनंला अजून ठावं न्हाई. लिव्ह माजंच नाव.' तर तिची शेजारीण म्हणते, 'तिचं नगं लिहू, लय खोटारडी हाय. तिच्या सैपाकघराला दारच न्हाई, पडदा हाय! मी बग, मोरीत बसती, नळ सोडून. नळ चालू आसला की कोन हाक मारत न्हाई.' आणि तिसरी नुसतीच म्हणाली, 'कोन इचारायला आलं न्हाई गं आमाला तवा.' पण मला वाटतं आजी, ती पडदेवालीच असणार. वय जुळतं, तिचा नवराही फार तापट होता म्हणे."

मला राग आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही, पण आला, डोक्यात गेला. सगळ्यांचं सगळं या घरात माझ्या हातून गेलं, ती एवढी तिकोनी जागा मी कुणाला दिली नव्हती. आता साताऱ्याची कुणी पडदेवाली म्हणते माझी म्हणून लिहा. "ती नव्हे," मी म्हणाले. नात म्हणाली, "तुला काय माहीत?" "पडद्याखालून पाय दिसतात," मी म्हणाले. ती हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग मी सावरून घेतलं, म्हणजे मला वाटलं सावरलं. "मी ओळखत होते त्या बाईला. आम्ही एका शाळेत होतो." नातीनं वही उघडली. मी पुढ्यातली मेथीची जुडी तिच्याकडे सरकवली. तिनं एकदा वहीकडे बघितलं, एकदा मेथीकडे, आणि वही मिटून मेथी निवडायला घेतली. तुमच्या विभागात अजून ते शिकवतात वाटतं. मग मी सांगितलं. त्या बाईचा नवरा तापट नव्हता. तो फार चांगला होता, आणि म्हणूनच तिला कुणाला सांगता आलं नाही, असं ती म्हणाली होती. नात म्हणाली, "पण हे कुठंच छापलेलं नाही." "ते राहिलं." "आजी, मग सगळंच बदलतं. इतक्या लोकांनी इतकी वर्षं त्याला शिव्या घातल्या." मी काड्या वेगळ्या करत होते. तिनं निवडलेली पानं एकीकडे केली. मग अगदी हळू, "त्या बाईला विचारशील? मी हे वाचलं तर तिला चालेल का? तिचा नवरा आहे का अजून?" "आहे." "तो ऐकायला येईल?" मी मेथीवरून नजर उचलली. पास दोनच होते, आणि ते माझ्या समोर फडताळावर ठेवलेले होते. ती म्हणाली, "तिला म्हणावं, घाई नाही. नाव तर मी लिहिणारच नाही, साताराच ठेवीन. पण ती नको म्हणाली तर वाचणार नाही." एकदाही तिनं "तू" म्हटलं नाही. तुमची विद्यार्थीण शोभते.

आणि आता जे काल घडलं ते, ज्यासाठी लिहायला बसले. मी अजून बसते तिथं. घरात आता तीनच माणसं, खोल्या रिकाम्या, बसायला कुठंही बसता येईल. पण सवयीनं पाय तिकडे जातात. आमच्या त्या दाराला एक पाचर आहे. सासूबाई गेल्या त्यानंतर यांनी सागाच्या तुकड्याची तासून केली, दार वाऱ्यानं आपटतं म्हणून. दुपारचं जेवण झालं की हे स्वतः ती पायानं दाराखाली सरकवतात आणि पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसतात. इतकी वर्षं मी ती पाचर रोज बघते, पण बघितली नव्हती. साताऱ्याहून आल्यापासून नातीला सगळ्या घरांची दारं बघायची खोड लागली आहे. ती परवा सहज म्हणाली, "आजोबा, याला पाचर कशाला? पुढच्या दोन दारांना नाही ती." हे म्हणाले, "वाऱ्यानं आपटतं." नात म्हणाली, "दुपारी? सांगलीत दुपारी पान हलत नाही." हे पेपरात बघत राहिले. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

काल दुपारी हे पाचर सरकवून गेल्यावर मी ती काढली, फडताळावर ठेवली, आणि दारामागं जाऊन बसले. बिजागऱ्या आता झिजल्यात, पाचर नसली की दार डब्यापासून हळूहळू सुटतं, पुढं येतं. आलं. माझा पदर आणि अर्धा गुडघा उघडा पडला. मी हलले नाही. थोड्या वेळानं यांच्या चपला वाजल्या, पाणी प्यायला येत असणार. उंबऱ्याशी थांबले. बिजागरीच्या फटीतून मला त्यांचा हात दिसत होता, पाण्याचं भांडं धरलेला. त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं. खाली बघितलं, इकडेतिकडे बघितलं, फडताळावरून पाचर घेतली. मग दार धरून अगदी सावकाश मागं लोटलं, माझा पदर झाकला जाईल एवढं, करकर होऊ न देता. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकून पाचर बसवली, टाचेनं दाबली. पाणी न पिताच गेले. तेवढ्यात नात कॉलेजातून आली, पुढूनच ओरडली, "आजी!" आणि मी यांचा आवाज ऐकला. "मागं अंगणात असेल. जरा वेळानं हाक मार."

बाई, हे केव्हापासून ठाऊक आहे त्यांना? पाचर केली तेव्हापासून तर नक्की. त्यांना वाटत असेल मी तिथं प्रार्थना करते, आणि म्हणून आडोसा करून देत असतील. ते तसे आहेत. आणि मग एका संध्याकाळी हॉलमध्ये त्यांना कळलं की ती प्रार्थना नाही, आणि ती साताऱ्याची नाही. पुण्याचे पाहुणे टेबलावर हात आपटत होते तेव्हा हे माझ्या शेजारी बसून ते स्वतःच्या अंगावर घेत होते. कसला माणूस असेल गं तो, हे त्यांनी रिक्षात मला विचारलं, आणि मी म्हटलं, असेल कसा तरी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पाचर घातलीच. त्या दिवसापासून कालपर्यंत एकही दुपार चुकली नाही. रात्री अंथरुणावर मी हे सगळं परत परत लावून बघितलं, आणि मला त्यांची दया आली, हे खरं. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते सांगायला मला लाज वाटते. मला वाटलं, म्हणजे ती जागासुद्धा माझी नव्हती. तीही त्यांनीच दिलेली. या घरातला एवढा एक कोपरा मी कुणाला न विचारता घेतला होता, त्याचीही परवानगी होती, रोज दुपारी, टाचेनं दाबून दिलेली. आता मी जाऊ कुठं?

आज सकाळी नातीला म्हटलं, त्या बाईचा निरोप आलाय. "काय म्हणाली?" "वाच म्हणाली. दोन्ही अर्धी वाच. दुसरं अर्धं जरा सावकाश, हॉलमध्ये पंख्यांचा आवाज असतो." नातीनं मान हलवली आणि माझा हात धरून क्षणभर उभी राहिली, मग पिशवी घेऊन गेली. यांनी कोट दोनदा घालून बघितला आहे. "पुढच्या रांगेत बसायचंय," म्हणतात, "नात बोलणार आहे." ते काय ऐकतील ते परमेश्वराला माहीत. मी त्यांना इतकं चांगलं म्हणत होते, हे ऐकून त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. आणि लगेच पुढं, म्हणून तर कुणाला सांगता येत नाही, हे ऐकून दुसरा चढेल. मला ते दोन वेगळे करता येत नाहीत. तुम्हालाही आले नसतील. म्हणूनच तुम्ही एवढ्यावर थांबलात का? की चांगल्या नवऱ्याची बाई तुमच्या व्याख्यानात बसत नव्हती? की हे पंच, गाव लहान, आणि कुणी ओळखेल म्हणून माझ्यासाठीच गाळलंत? की खरोखरच गाडी लागली होती?

हे पत्र टाकणार नाही. तुम्ही आहात तिथं टपाल जात नाही, आणि तिकीट उगाच वाया. पण लिहिलंच आहे तर एक सांगते. आज दुपारी मी दारामागं बसले नाही. पाट मधोमध घेऊन बसले, पुढच्या खोलीतून दिसेन अशी, उगाच तांदूळ निवडत. हे जेवण झाल्यावर नेहमीसारखे आले. मला तिथं बघून थबकले. पाचर हातात होती. घालावी की नको ते त्यांना कळेना, तशीच धरून उभे राहिले, म्हातारा माणूस, आणि म्हणाले, "आज वारा नाही वाटतं." मी म्हटलं, "नाही." त्यांनी पाचर फडताळावर ठेवली आणि गेले. मी तांदूळ निवडत राहिले, आणि सगळा वेळ मला एकच वाटत होतं, की त्यांनी ती घातली असती तर बरं झालं असतं, मी उठून मागं जाऊन बसले असते.

शनिवारच्या आत उलट टपाली एवढंच कळवा, बाई, की त्या दिवशी आटपाडीची गाडी वेळेआधी आली होती का.